सँडर सोडून सगळं

४ नोव्हेंबर, मंगळवार

बारकीने नोकरी सोडली! जेवता जेवता सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मागच्या खोलीत जुनं फर्निचर दुरुस्त करणार म्हणे. खुर्च्या, टेबलं, कपाटं. "सगळं कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या हत्यारांनी करणार, आई. बाबा आहेत ना शिकवायला!"

ही माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे.

मग म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून हो म्हणते. नाहीतर या सव्वीस वर्षांच्या घोडीला दोन फटके दिले असते."

झालं. होकार माझ्या हातांवर मिळाला. हात कसे आहेत, हे कोणी विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

थंडी पडली. सकाळी उजव्या हाताची तीन बोटं पांढरीफटक. खिशात घालून बसलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकदाचं लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे!

पस्तीस वर्षं ओतशाळेत काढली. लोखंडाचे ओतीव भाग यायचे, त्यांच्या कडा हवेवरच्या ग्राइंडरने घासायच्या. सकाळी भोंगा व्हायचा तेव्हा सुरू, संध्याकाळी व्हायचा तेव्हा बंद. आधी हाताला मुंग्या. मग थंडीत बोटं पांढरी. मग एक दिवस खिशातलं नाणं कुठलं आहे ते चाचपून कळेना. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. गुपचूप डॉक्टरकडे गेलो, कंपनीच्या नव्हे, दुसऱ्या. तो म्हणाला, "थरथरणारं यंत्र हातात धरायचं नाही. गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळा."

सांभाळलं नाही. सांगितलं असतं तर फाटकावर बसवलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नोंदी करायला. मी! ज्याच्या हाताखाली अर्धा विभाग शिकला! तीन वर्षं दात-ओठ खाऊन काढली. घरी कप फुटला की 'निसटला', बटण लागलं नाही की 'काजंच बारीक'. हिला वाटतं म्हातारपण आलं. वाटू दे.

दुपारी पायरीवर ऊन येतं तेव्हा लिहितो. हात जरा ऊबदार असला की अक्षर ओळीत राहतं. पेनाला जाड कापड गुंडाळलंय. ही विचारते कशाला, तर म्हणतो, घाम येतो. नोव्हेंबरात घाम!

आता प्रश्न सरळ आहे. सांगितलं, तर ही दुसऱ्या मिनिटाला बारकीची खोली बंद करेल. नाही सांगितलं, तर पोरगी दिवसभर तसलंच थरथरणारं यंत्र धरेल जसं मी धरलं. कंटाळा आला विचार करून.

९ नोव्हेंबर, रविवार

बारकी वही घेऊन बसली. "बाबा, नुसतं बोलत जा, मी लिहिते. कुठली हत्यारं घेऊ?"

म्हटलं, आधी ब्लो गन. सगळे हसतात तिला, नुसता वारा मारते म्हणून. पण कोपऱ्याकोपऱ्यातला भुसा काढायला दुसरं काही नाही. फक्त अंगावर मारून कपडे झटकायचे नाहीत, डोळा जाईल. दुसरी खिळ्यांची गन, बारीक खिळ्यांची. एका हाताने फळी धरायची, दुसऱ्याने ठक! एक खिळा, एक झटका, संपलं. हातोडीने चौकट हलते, हिने हलत नाही. तिसरा स्टेपलर, खुर्च्यांची बैठक चढवायला. चौथी स्प्रे गन, पॉलिशसाठी. आणि हत्यारात रोज सकाळी दोन थेंब तेल, पण स्प्रे गनची नळी वेगळी ठेवायची. त्या नळीत तेल गेलं की पॉलिशवर माशाच्या डोळ्यांसारखे डाग पडतात.

"आणि नट खोलायची गन? दुकानात सगळे तीच दाखवतात."

"टेबलाला चाकं बसवणार आहेस का? ती गाडीवाल्यांची हौस. नको."

लिहून घेत होती. शाळेत असताना पाढे लिहायची तशी, जीभ बाहेर काढून. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर कोणी मला एवढं विचारलंच नव्हतं.

मग म्हणाली, "आणि सँडर. जुनं पॉलिश खरवडायला. खरं काम तर त्याचंच."

"नको," म्हटलं.

"का?"

तोंडात आलेलं गिळलं. म्हटलं, "सँडर हवा फार खातो. खिळ्यांची गन घोटघोट पिते, हा हंड्याला तोंड लावून बसतो. घरगुती कॉम्प्रेसरचं काम नाही ते."

खोटं नाही. शब्दन् शब्द खरा आहे. पण कारण ते नाही. सँडर ग्राइंडरसारखाच दिवसभर थरथरतो, हे आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

विजेवरचा घेऊ का, विचारत होती. मग स्वतःच म्हणाली, "नको, तो जड आणि गरम होतो. हवेवरचं हलकं, थंड. तुम्हीच सांगायचात की!" सांगायचो खरा. दूध पीत होती तेव्हापासून सांगतोय. भोगा आता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेलो होतो, कॉम्प्रेसर घ्यायला. दुकानदार मला कंपनीपासून ओळखतो. दीडशे लिटरच्या टाकीवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यासाठी हाच." मी पन्नास लिटरचा दाखवला.

"साहेब, चेष्टा करताय! एवढा अनुभव, आणि हा? यावर सँडर दोन मिनिटं चालणार नाही."

"म्हणूनच," असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, "जागा लहान आहे."

बारकीसमोर तो गालातल्या गालात हसला. बाप अडाणी ठरला. ठरू दे. छोटा पंप दमतो, थांबतो, धापा टाकतो. त्याच्यावर सँडर लावणार नाही कोणी.

परत येताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी कमीतलं बघताय का?" खिडकीबाहेर बघितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोली लागली. भिंतीला नळी मीच बसवली, उतार देऊन, म्हणजे हवेतलं पाणी एका टोकाला जमतं. जोड घट्ट आहे की नाही ते बोटांना कळत नाही हल्ली. कान लावून ऐकलं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. बारकी म्हणाली, "किती काळजीने करता बाबा!" हो ना.

पहिली खुर्ची जोडली तिने. चार खिळे, चारही सरळ. हात शाबूत असले की किती सोपं असतं सगळं!

१७ नोव्हेंबर, सोमवार

भोंग्याचा फोन. (शेजारच्या यंत्रावर एकोणीस वर्षं उभा होता. खरा भोंगा बंद पडला तरी याच्या आवाजावर पाळी सुटायची, म्हणून भोंगा.) त्याची चार बोटं गेलीत, माझी तीन. त्याने घरी केव्हाच सांगितलंय. सून बटणं लावून देते, हा दोन शिव्या देतो, ती दोन ऐकवते. चाललंय.

"सांगितलंस का पोरीला?"

"सांगतो."

"केव्हा? अरे, गाढवा, माझ्या नातवाचे केस हातात धरले तर केस आहेत की चिंधी ते कळत नाही मला. तुझी पोरगी ती वाट धरतेय आणि तू नळ्या बसवून देतोयस!"

फोन ठेवला. त्याचं खरं असतं तेव्हाच तो जास्त ओरडतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हाताने घासतेय. पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. एक टेबल, तीन दिवस. खांदे धरलेत तिचे. ही माझ्यावर डाफरते, "एक यंत्र घेऊन द्यायला काय होतं हो तुम्हाला?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडी दारात! एक टायरवाला दुकान बंद करतोय, त्याचा मोठा कॉम्प्रेसर उचलून आणला बारकीने. "आता हवा पुरेल ना, बाबा?" टाकीत पाणी भरून, दाब देऊन तपासूनही आणली. कुठे गळत नाही, गंज नाही, सुरक्षेचा व्हॉल्व्ह वेळेवर उडतो. माझीच शिकवण. दोष काढायला जागा ठेवली नाही कार्टीने.

म्हटलं, "आवाज केवढा होईल! शेजारच्या बाईंचं वय बघ."

लगेच गेली विचारायला. पाच मिनिटांत परत. बाई म्हणाल्या, "कर की गं खुशाल. मला दाराची बेल ऐकू येत नाही, तुझा पंप कुठला यायला!"

म्हटलं, "हवेत ओल असते, लाकडावर डाग पडतील."

"पाणी वेगळं करायची बाटली लावलीय, बाबा. ती बघा. तुम्हीच सांगितलेली."

माझी सगळी विद्या माझ्यावरच उलटली. खरं कारण सोडून सगळी कारणं दिली, आणि दिलेलं प्रत्येक कारण तिने मोडून काढलं. खऱ्या कारणाला तिच्याकडे उत्तर नसतं, म्हणून तर ते सांगवत नाही. थकलोय. फार थकलोय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोटही पांढरं झालं आज. चौथं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज. मी गेलो की बंद. विषय नक्की माझा.

"सँडर" एवढं ऐकू आलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं होतं आज सांगायचं. खोलीत गेलो. ती खुर्चीच्या पाठीला पॉलिश मारत होती. स्प्रे गन एका लयीत, कडेच्या जरा पुढे जाऊन मागे. कोणी शिकवलं नव्हतं ते. मला बघून म्हणाली, "बाबा, मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठून आनंदाने कामाला लागते."

परत आलो. 'चहा टाकायचा का' एवढंच विचारून आलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू आणि कसं लिहू!

सकाळी दोघींनी मला मागच्या खोलीत नेलं. टेबलावर खोकं. वर रिबीन बांधलेली. आत सँडर. चांगल्यातला, तळहातावर बसणारा. "तुमच्यासाठी, बाबा! माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

मला काही कळेना. ही हसून म्हणाली, "मला शिकवू नका. तेहेतीस वर्षं ओळखते. स्कूटर नको म्हणालात, तेव्हा रोज संध्याकाळी दुकानासमोर उभे राहायचात. चष्मा नको, तेव्हा पेपर हातभर लांब धरायचात. तुमचं नको म्हणजे हवंच असतं! महिनाभर उठता-बसता सँडर, सँडर, सँडर. इतकी कारणं कोणी नावडत्या गोष्टीला देतं का?"

आणि बारकी म्हणाली, "तुम्ही स्वतःची हौस कधी केलीच नाहीत ना. आता करा. चालवून दाखवा."

खरं आहे, अख्खं आयुष्य मी नको म्हणत आलो. घरात एखादी गोष्ट यायची ती माझ्या नकारावरूनच यायची. आणि ज्या एका वेळी नको म्हणजे खरोखर नको होतं, तेव्हा ते कळणार कसं त्यांना? चूक त्यांची नाही.

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सांगायचं होतं. तोंड उघडलं. पण ती रिबीन, ते चेहरे... घेतला हातात. वीस मिनिटं चालवला. हवेवरच्या यंत्राची गार हवा बोटांवर येते, तीही आली. टेबल आरशासारखं झालं. हात अजून विसरला नाही. बारकीने टाळ्या वाजवल्या.

हात खिशात घालून न्हाणीघरात गेलो. मनगटापर्यंत काही जाणवत नव्हतं. नळ सोडला, गरम पाण्याखाली धरला. बरं वाटेल म्हणून वाट बघत राहिलो. वाफ दिसली तेव्हा काढला. तळहात लालबुंद, दोन बोटांना फोड. मला चटका कळलाच नव्हता.

हिला सांगितलं, चहा सांडला. फुंकर घालत मलम लावलं तिने. "हौसेच्या दिवशीच असं व्हावं!" म्हणाली. मला रडू येत होतं. तिला वाटलं, भाजल्यामुळे.

३० नोव्हेंबर, रविवार

हात बांधलेला, म्हणून सँडर बारकीने घेतला. "तुमचा आहे, पण तोवर वापरते हं!"

सकाळी दहाला सुरू. मी पायरीवर. आवाज भिंतीतून येतो. मोठी टाकी, मोठा पंप, दम लागतच नाही त्याला. एकपर्यंत चालू. जेवण. पुन्हा दोनला सुरू.

साडेचारला बंद झाला. बाहेर आली, केसात भुसा, खूश. माझ्या शेजारी बसली आणि उजवा हात झटकायला लागली. हसत होती.

"बाबा, मुंग्या आल्या हो! गंमतच. असं होतं का?"

मी तिच्या आत्ताच्या वयापेक्षा तीन वर्षांनी लहान होतो, तेव्हा हेच विचारलं होतं. असंच हसत. आमचा फोरमन म्हणाला होता, "येतात, जातात." वाईट माणूस नव्हता तो. त्याची स्वतःची बोटं कशी होती, हे आम्हाला कधी कळलं नाही. हातमोजे काढताना कोणी पाहिलंच नव्हतं त्याला.

"होतं," म्हटलं मी. एवढंच म्हटलं. आणि ती उठून चहा करायला गेली.

लाज वाटते लिहायला.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठून आधी सँडरची नळी काढून माझ्या कपाटात कुलूपबंद केली. बारकी शोधतेय. ही म्हणते, "बघितलंस? स्वतःचं हत्यार कोणाला हात लावू देत नाहीत!"

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी बारकीला पायरीवर बोलावलं. हिलाही. हाताची पट्टी सोडली, डोळे मिटले, हात पुढे केला. म्हटलं, आईच्या शिवणातली सुई आण आणि भाजलंय ते सोडून, मधल्या बोटाला टोच. टोचलीस की मी सांगतो.

वाट बघितली. म्हटलं, "टोच की गं, घाबरतेस काय?"

बारकी म्हणाली, "बाबा, तीनदा टोचली."